हॅम्पर, पनेट, क्रील: सगळ्यांची ‘टोपली’ का करू नये

आपला प्रश्न असा आहे की इंग्रजी कथांचे मराठीत भाषांतर करताना बास्केट, हॅम्पर, पनेट, पॅनियर, ट्रग, क्रेट, बिन असे शब्द पानोपानी येतात, कोशात पाहावे तर बहुतेकांपुढे ‘टोपली’, ‘करंडी’ किंवा ‘पेटी’ एवढेच सापडते, आणि उलट मराठीतून इंग्रजीत जाताना परडी, दुरडी, रोवळी, सूप यांना काय म्हणावे हेही सुचत नाही. त्यातच आपण स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील मासळी विकणाऱ्या बाईच्या ‘क्रील’चे, म्हणजे तिच्या माशांच्या टोपलीचे, उदाहरण दिले आहे. तीसेक वर्षे मी दोन्ही दिशांनी भाषांतराचे काम करत आलो आहे आणि या शब्दांपाशी मी स्वतः पुष्कळ वेळा चुकलो आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने लिहितो.

असा शब्द समोर आला की वस्तूचा आकार डोळ्यांपुढे आणण्याची आपल्याला घाई होते. माझ्या अनुभवात आकार हा शेवटचा प्रश्न असतो. त्याआधी विचारावे की यात काय ठेवतात, ते कोण उचलते, डोक्यावर, कमरेवर, पाठीवर की हातात धरून नेते, आणि त्याला झाकण आहे की नाही. ही उत्तरे मिळाली की मराठी शब्द बहुधा आपोआप पुढे येतो आणि न आला तरी कोणता शब्द वापरू नये हे नक्की कळते.

माझी एक जुनी चूक सांगतो. एका अमेरिकन कादंबरीत थकून घरी आलेली आई न्हाणीघरात जाते आणि अंगावरचा सदरा ‘हॅम्पर’मध्ये टाकते, असे वाक्य होते. मला हॅम्पर ठाऊक होता तो ब्रिटिश पुस्तकांतला, सहलीला नेण्याच्या खाद्यपदार्थांचा, झाकणाचा, वेताच्या विणीचा. मी ‘खाऊच्या टोपलीत सदरा टाकला’ असे लिहून मोकळा झालो आणि ते तसेच छापले गेले. अमेरिकन घरात हॅम्पर म्हणजे धुण्याचे कपडे साठवण्याची उंच टोपली, हे मला नंतर एका वाचकाच्या पत्रातून कळले. ब्रिटनमध्ये याच शब्दाने नाताळची भेट म्हणून पाठवलेला खाद्यपदार्थांचा पेटारा सुचतो, आणि आपल्याकडे दिवाळीत दुकानांतून मिळणारा ‘गिफ्ट हॅम्पर’ त्या अर्थाने आला आहे. त्यात आता वेत नसतो, पुठ्ठा आणि पारदर्शक कागद असतो. शब्द एकच असला तरी तो कुठल्या देशातल्या घरात उच्चारला गेला आहे हे पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये, हे मी तेव्हा शिकलो.

हॅम्परचा इतिहास सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण त्याचा आरसा मराठीत आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘हानाप’ म्हणजे पेला, आणि पेले सुरक्षित ठेवण्याची पेटी ती ‘हानापिए’. इंग्लंडमध्ये तिचे ‘हॅनपर’ झाले. तेथील चॅन्सरी कचेरीत सनदांचे कागद अशा पेटाऱ्यात ठेवत, म्हणून त्यांचे शुल्क पाहणाऱ्या खात्यालाच हॅनपर म्हणू लागले, आणि पुढे उच्चार झिजून हॅम्पर उरला. म्हणजे इंग्रजीत पेल्याने पेटाऱ्याला नाव दिले. मराठीत याच्या अगदी उलट घडले आहे. संस्कृतात ‘करंड’ म्हणजे बांबूची टोपली किंवा डबी. त्यावरून आपला कुंकवाचा करंडा आला, फळांची करंडी आली, आणि त्यावरूनच ‘करंडक’. रणजी करंडक, पुरुषोत्तम करंडक म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे चषक असतो, टोपली कोणालाच आठवत नाही. इंग्रजीत पेल्याची टोपली झाली, मराठीत टोपलीचा पेला झाला. भांड्यांची नावे अशीच वागतात. साहित्य बदलते, आकार बदलतो, कधी कधी वस्तूच बदलते, आणि नाव मात्र टिकून राहते.

याची इंग्रजीतली आणखी उदाहरणे भाषांतरकाराने लक्षात ठेवण्याजोगी आहेत. ‘कॅनिस्टर’ म्हणजे आज पत्र्याचा डबा, पण लॅटिन आणि त्याआधी ग्रीकमध्ये तो बोरूची टोपली होता, आणि हिंदीतला ‘कनस्तर’ त्याच कुळातला आहे. ‘क्रेट’ लॅटिनमधल्या विणलेल्या ताटीवरून आला. ‘कॉफिन’ हा शब्द तर ग्रीक ‘कोफिनोस’ म्हणजे टोपली यावरून आला असून चौदाव्या शतकातल्या इंग्रजी बायबलमध्ये पाच हजारांना जेवू घालून उरलेल्या तुकड्यांनी भरलेल्या बारा टोपल्यांना ‘कॉफिन’च म्हटले होते. प्राचीन रोममध्ये पैसे ठेवण्याची विणलेली करंडी म्हणजे ‘फिस्कस’. तिच्यावरून सरकारी खजिना आणि खजिन्यावरून अर्थसंकल्पाच्या बातम्यांतला ‘फिस्कल’ हा शब्द आला. या गोष्टी भाषांतरात लिहायच्या नसतात, पण जुना मजकूर हाताळताना त्या माहीत असल्या तर मोठी चूक टळते.

‘कास्केट’पाशी विशेष जपावे. ब्रिटिश लेखनात, आणि सर्व जुन्या लेखनात, कास्केट म्हणजे दागिन्यांची लहान, नक्षीची पेटी. तिथे ‘करंडा’ हा शब्द फार सुंदर बसतो. अमेरिकन लेखनात मात्र एकोणिसाव्या शतकापासून तो शवपेटीसाठीचा सौम्य शब्द झाला आहे. एका कथेत दोन्ही अर्थ मुद्दाम एकमेकांवर ठेवलेले मी पाहिले आहेत, आणि तेव्हा मराठीत नुसते ‘पेटी’ लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग असतो, कारण तो शब्द दोन्हीकडे झुकू शकतो.

आता विणीबद्दल. इंग्रजी टोपलीचा जन्म मुख्यतः विलो या झाडाच्या फोकांतून होतो. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या पाणथळ जमिनीवर ‘ओझियर’ नावाच्या विलोची लागवड यासाठीच केली जाते. फोक कापून, भिजवून, लवचीक करून अख्खे गोल फोकच विणतात, आणि अशा विणीला ‘विकर’ म्हणतात. आपल्याकडचा बुरूड बांबू चिरून त्याच्या चपट्या कांबी काढतो आणि त्या विणतो. त्यामुळे आपली टोपली हलकी, पातळ आणि गुळगुळीत, तर विकरची टोपली जाड, गाठीगाठींची आणि करकरणारी असते. कथेत टोपली ‘करकरली’ असे इंग्रजी लेखक लिहितो तेव्हा तो विलोबद्दल बोलत असतो. ‘विकर’साठी मराठीत ‘वेताचे’ हा शब्द रूढ झाला आहे. वेत ही विलोपेक्षा निराळी वनस्पती असली तरी विणीची जाडी आणि आवाज वाचकापर्यंत पोहोचतो, म्हणून मी तो निःसंकोच वापरतो. ‘बांबूची’ मात्र इंग्लंडमधल्या गोष्टीत लिहू नये. उलट आपल्याकडच्या कैकाडी कारागिरांनी निरगुडीच्या फोकांच्या आणि तुरीच्या तुराट्यांच्या विणलेल्या टोपल्या या विलोच्या कामाला पुष्कळच जवळच्या आहेत, आणि तशी टोपली इंग्रजीत सांगताना ‘विकर बास्केट’ म्हणण्यात काहीच वावगे नाही.

‘ट्रग’ हा मुळात विणलेला नसतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ससेक्समधल्या या बागकामाच्या उथळ टोपलीची कड आणि मूठ गोड चेस्टनटच्या लाकडाची आणि तळ विलोच्या पातळ फळ्यांचा असतो. हर्स्टमॉन्सोच्या टॉमस स्मिथने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती मांडली आणि राणी व्हिक्टोरियाने तिची मागणी नोंदवली, तेव्हापासून तिचे नाव देशभर झाले. ट्रग हा शब्द ‘ट्रफ’ म्हणजे डोणी या शब्दाचाच बोलीतला भाऊ आहे, आणि वस्तूही होडीच्या आकाराची असते. तिला मी ‘बागेतली लाकडी टोपली’ म्हणतो. ‘परडी’ म्हणण्याचा मोह होतो, कारण तीत फुले असतात, पण परडीबद्दल पुढे सांगतो.

बाजारातल्या शब्दांचा प्रश्न सोपा आहे, कारण तिथे आपला शेतकरी भाषांतरकाराच्या पुढे गेला आहे. स्ट्रॉबेरीची छोटी उथळ टोपली म्हणजे ‘पनेट’, हा शब्द अमेरिकेत फारसा चालत नाही. पण महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात प्लॅस्टिकच्या छोट्या खोक्याला ‘पनेट’ म्हणतात. मग पुस्तकात तिला ‘फळांची लहान टोपली’ असे लांबवण्याचे कारण उरत नाही. तसेच ‘क्रेट’चे. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेटला ‘कॅरेट’ म्हणतात आणि साधारण वीस किलोच्या कॅरेटवर भाव बोलला जातो. प्रमाण मराठीत ‘क्रेट’ लिहावे, पण जुन्नर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या तोंडी संवाद असेल तर ‘कॅरेट’च हवा. हापूसची मात्र पेटीच; ती लाकडाची असो वा पुठ्ठ्याची, आणि इंग्रजीत तिला ‘बॉक्स’ म्हणावे. एका भाषांतरात ‘चेस्ट ऑफ मँगोज’ असे वाचले तेव्हा मला आंब्यांऐवजी चहाच आठवला, कारण इंग्रजीत चेस्ट चहाची असते.

चहावरून ‘कॅडी’. चहापत्तीचा हा डबा मलयमधल्या ‘काटी’ या सुमारे ६०० ग्रॅमच्या वजनावरून नाव घेऊन आला. वजनाने किंवा मापाने भांड्याला नाव द्यायचे ही रीत आपल्याला परकी नाही, कारण पायली आणि अधोली ही आपल्याकडे मापेही होती आणि ती मोजण्याची भांडीही. इंग्रजीत ‘बुशेल’ आणि त्याचा चौथा हिस्सा ‘पेक’ यांचे तसेच आहे. ब्रिटिश बुशेल आठ गॅलनचा, म्हणजे सुमारे ३६ लिटरचा. ‘स्केप’ हा शब्दही स्कँडिनेव्हियातल्या धान्याच्या मापावरून आला आणि पुढे गवताच्या पेंढ्यांच्या मधमाश्यांच्या पोळ्याला लागला. इथे एक खड्डा आहे. जुन्या इंग्रजीत ‘मॉन्ड’ नावाची टोपली असते, आणि वसाहतकाळातल्या भारतविषयक लेखनात ‘मॉन्ड’ म्हणजे आपला मण. अक्षरे तीच, कुळे वेगळी. शेक्सपिअरच्या काळातल्या मजकुरात बाई मॉन्डमधून काही काढते तेव्हा ती मणातून काढत नाही.

‘पॅनियर’बद्दल सांगताना मला नेहमी आनंद होतो. लॅटिनमध्ये ‘पानिस’ म्हणजे भाकरी, ‘पानारिउम’ म्हणजे भाकरीची टोपली; तिचे फ्रेंचमार्गे पॅनियर झाले. त्याच ‘पानिस’चे पोर्तुगीजमध्ये ‘पाँव’ झाले आणि ते गोव्यातून आपल्याकडे पाव होऊन आले. म्हणजे वडापावातला पाव आणि गाढवाच्या पाठीवरचा पॅनियर हे एकाच घरातले आहेत. आज पॅनियर म्हणजे जनावराच्या किंवा सायकल-मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना लटकवलेली जोडी. जनावरासाठी मराठीत ‘गोणी’ चालते का, असे मला विचारले जाते. बैलांच्या पाठीवर धान्य लादून नेणाऱ्या वंजाऱ्यांच्या गोण्या अगदी तशाच लटकत, पण गोणी तागाची असते, विणलेली टोपली नव्हे, म्हणून ‘पाठीवर दोन्ही बाजूंना लटकवलेल्या टोपल्या’ असे सरळ लिहावे. गोणी इंग्रजांनी आपल्याकडूनच नेली आणि तिचे ‘गनी बॅग’ केले, ही मात्र अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे.

आता उलट दिशा, जी मला अधिक अवघड आणि अधिक मोलाची वाटते. टोपलीला ‘बास्केट’ म्हणून भागते. दुरडी बहुधा भाकऱ्यांची असते, तिला ‘ब्रेड बास्केट’ म्हटल्याने अर्थ नीट पोहोचतो. हारा म्हणजे मोठा, भाजीचा किंवा मडक्यांचा. तिथे ‘मोठी’ हे विशेषण जोडावेच लागते. रोवळीत तांदूळ धुतात, तिच्या विणीतून पाणी निथळते, म्हणून ती टोपली असली तरी इंग्रजी वाचकासाठी तिचे काम ‘कोलंडर’ करते. मी ‘बांबूचे कोलंडर’ असे लिहितो. सूप हे तर साठवण्याचे भांडेच नाही. त्याला ‘विनोइंग बास्केट’ म्हणण्यापेक्षा ‘विनोइंग फॅन’ म्हणणे मला बरे वाटते, कारण त्याला तीनच बाजू असतात आणि चौथीतून कोंडा उडून जायचा असतो. आणि ‘अधिवेशनाचे सूप वाजले’ या वाक्याचे भाषांतर करताना सुपाला हातही लावू नये; अधिवेशन संपले एवढेच लिहावे.

परडी मात्र मी इंग्रजीत नेत नाही. पूजेच्या फुलांची परडी असेल तर ‘फ्लॉवर बास्केट’ ठीक आहे, पण तुळजाभवानीच्या किंवा रेणुका-यल्लम्माच्या भक्ताची जोगव्याची परडी ही टोपली नसून देवीशी असलेला करार आहे. ती घरात असते, भरली जाते, तिच्याशी व्रत जोडलेले असते. तिला ‘बास्केट’ म्हटले की त्या बाईच्या आयुष्यातली सर्वात मोठी गोष्ट एका वाक्यात पुसली जाते. तिथे ‘परडी’ हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखात अर्ध्या वाक्यात ती काय आहे ते सांगावे. याच कारणाने मी ट्रगला परडी म्हणत नाही.

‘पाटी’चा पेच वेगळा. क्रॉफर्ड मार्केटात सामान वाहणारे पाटीवाले, किंवा कोळणीची माशांची पाटी, यांत टोपलीपेक्षा वाहणे महत्त्वाचे असते. पाटीवाल्याला ‘पोर्टर’ म्हणणे मला योग्य वाटते, कारण लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधले पोर्टरही गोल बुशेल टोपल्यांची उतरंड डोक्यावर तोलून नेत. तो बाजार १९७४ मध्ये नाइन एल्म्सला हलला, पण जुन्या छायाचित्रांत ती माणसे आपल्या पाटीवाल्यांचीच भावंडे दिसतात.

बादली, घमेले, पिंप यांबद्दल थोडक्यात. तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले: ‘बाल्दे’, ‘गामेला’, ‘पीपा’. गंमत अशी की गामेला मुळात लाकडाची डोणी, आपले घमेले लोखंडाचे, आणि बांधकामावर आता प्लॅस्टिकचेही. इंग्रजीत ‘बकेट’ आणि ‘पेल’ यांत आजच्या गद्यात फरक करण्याची गरज नाही. ‘टब’ रुंद आणि बुटका, ‘बॅरल’ फुगीर पोटाचा, ‘केग’ लहान. यांच्यासाठी पिंप, पीप, ड्रम यांपैकी जे वाचकाच्या ओळखीचे ते घ्यावे.

‘बिन’ हा शब्द इंग्रजीत जुना आहे आणि त्याचा एक जुना अर्थ गव्हाण असा होता. ब्रिटनमध्ये ‘ब्रेड बिन’ स्वयंपाकघरात आणि ‘डस्टबिन’ बाहेर असते, म्हणून नुसते ‘बिन’ दिसले की ‘केराची टोपली’ लिहू नये. शिवाय मराठीत ‘केराची टोपली दाखवणे’ याला स्वतःचा अर्थ चिकटलेला आहे. अर्जाच्या संदर्भात तो उपयोगी पडतो, पण पावाच्या संदर्भात घात करतो. अर्थविषयक लेखनात ‘चलनांची बास्केट’ किंवा महागाई निर्देशांकाची ‘बास्केट’ येते. तिथे ‘टोपली’ लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही, पण ‘संच’ या शब्दाने अर्थ अधिक स्वच्छ होतो. ‘बास्केट केस’ असे एखाद्या देशाबद्दल किंवा व्यक्तीबद्दल लिहिलेले असेल तर त्यात टोपली शोधू नये. हा पहिल्या महायुद्धाच्या काळातला अमेरिकन प्रयोग असून तो हातपाय गमावलेल्या सैनिकांबद्दल निघाला होता. आज त्याचा अर्थ ‘पूर्णपणे कोलमडलेला’ असा आहे आणि तेवढाच लिहावा. बास्केटबॉलमधली बास्केट मात्र खरोखरच टोपली होती: १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथने पीचच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकून खेळ सुरू केला, आणि चेंडू आत पडला की तो काढावा लागे.

आता आपल्या क्रीलकडे येतो. इथे दोन सावधगिऱ्या आहेत. पहिली, स्कॉटलंडमध्ये क्रील म्हणजे माशांची टोपलीही असते आणि शेवंडी पकडण्याचा सापळाही, आणि समुद्रात सोडलेली क्रील ही नेहमी सापळाच असते. (आपल्या गिरणीत काम केलेल्या वाचकाला तर ‘क्रील’ म्हटल्यावर सुताच्या बॉबिनी लावलेली चौकट आठवेल, ती तिसरीच.) दुसरी सावधगिरी वाहण्याची. आपण मसुद्यात ‘पाटी’ लिहिली आहे, आणि मासळीवाली म्हटल्यावर तोच शब्द ओठांवर येतो हे मी समजू शकतो. पण पाटी म्हटली की मराठी वाचक ती चटकन बाईच्या डोक्यावर ठेवतो, तिची मान ताठ करतो, एक हात वर नेतो. एडिंबराजवळच्या न्यूहेवनच्या मासळीवाल्या बायका क्रील पाठीवर घेत आणि तिचा रुंद पट्टा कपाळावरून जाई. म्हणजे मान पुढे झुकलेली, पाठ वाकलेली, हात मोकळे. आपल्या कथेतली बाई त्या झुकलेल्या मानेनेच चढण चढते आणि त्यामुळेच तिला दारातला माणूस दिसत नाही, असे आपण पाठवलेल्या उताऱ्यात आहे. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘कपाळावरच्या पट्ट्याने पाठीवर पेललेली माशांची टोपली’ असे लिहावे, पुढे खुशाल ‘क्रील’ म्हणावे, आणि ‘पाटी’ हा शब्द त्या पानावरून काढून टाकावा.